आमेन होईपर्यंत

प्रार्थनेत मी डोळे मिटत नाही.

अवनी अकरा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. रविवारची उपासना चालू होती, सगळे डोळे मिटून बसले होते आणि तिने सतरंजीवर पडलेलं कुणाच्या तरी शर्टाचं बटण गिळलं. मी आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या, बटण बाहेर आलं, पोर रडली, सगळ्यांनी प्रभूचे आभार मानले. मीही मानले. पण त्यानंतर जमलंच नाही. मान खाली घालायची, हात जोडायचे आणि पापण्यांच्या फटीतून पोरीवर नजर ठेवायची. चार वर्षं झाली. हे मी संकेतला, माझ्या नवऱ्यालाही, कधी सांगितलं नव्हतं. विश्वासात कमी पडल्यासारखं वाटायचं.

जयपुरात आमची मराठी ख्रिस्ती घरं मोजून पाच. कुणी नगरचं, कुणी बुलढाण्याचं, आम्ही जालन्याचे. दर रविवारी साडेदहाला गोपालपुऱ्यात बापूंच्या फ्लॅटवर जमतो. बापू म्हणजे भीमराव पाटोळे, दवाखान्याच्या लॅबमधून निवृत्त झालेले, वय बहात्तर. चर्चने नेमलेले पाळक नाहीत, पण आमचे पाळक तेच. त्यांची प्रार्थना अकरा मिनिटांच्या आत कधी संपत नाही. देशापासून सुरुवात, मग आजारी माणसं नावानिशी, मग परीक्षेला बसलेली पोरं, मग कुणाच्या तरी घराची गळकी टाकी. ‘बापू देवाला रोजचा रिपोर्ट देतात,’ असं संकेत म्हणतो.

दाराला कडी लावायची नाही हा बापूंचा नियम. आपली माणसं उशिराच येणार. बेल वाजली की प्रार्थना मोडते. ज्याने त्याने हलकेच दार ढकलून आत यावं आणि सतरंजीवर टेकावं. मला ती उघडी कडी कधी आवडली नाही. एकदा मी लावलीही होती. सुहासिनीकाकूंनी, बापूंच्या बायकोने, उठून ती काढली होती.

मार्चमधला दुसरा रविवार. आम्ही अकरा जण होतो. बापू दाराकडे पाठ करून उभे, आम्ही त्यांच्यासमोर खाली बसलेलो. प्रार्थना परीक्षेच्या मुलांपर्यंत आली होती. दार उघडलं. पायांचे आवाज आले, तीन-चार माणसांचे. कुणीही डोळे उघडले नाहीत. उशिरा येणारे आलेत, असंच सगळ्यांना वाटलं. दाराजवळ बसलेल्या सुहासिनीकाकू तर डोळे मिटलेलेच ठेवून थोड्या सरकल्या, येणाऱ्याला जागा व्हावी म्हणून.

त्यांनी जागा केली त्याच्या हातात लोखंडी पाना होता.

त्याने गळ्यातला गमछा तोंडावर ओढला, पण आधी मी चेहरा पाहिला होता. दोन सेकंद. त्यानेही माझे उघडे डोळे पाहिले. तो भंवर होता. अवनीच्या शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर. दोन वर्षं रोज सकाळी पावणेआठला दोनदा हॉर्न वाजवणारा, तिची पाण्याची बाटली न विसरता परत आणून देणारा भंवर. शुक्रवारी मला कोचिंगमध्ये बायोलॉजीचे पेपर तपासायचे असायचे, तेव्हा तो अवनीला इथेच सोडायचा. बापूंचा पत्ता त्याला मीच दिला होता.

माझ्या तोंडून आवाज निघायच्या आत त्याने मारलं. बापूंच्या डोक्यामागे. ओला नारळ फुटावा तसा आवाज झाला. बापू ‘या लेकरांना’ एवढंच म्हणाले आणि तोंडावर पडले, पेटीच्या कडेवर. पेटीतून एक लांब बेसूर सूर निघाला.

मग सगळ्यांनी डोळे उघडले.

“धरम बदलवाते हो?” कुणीतरी ओरडलं. चौघे होते, चौघांची तोंडं झाकलेली. एकाने टीव्ही फोडला. एकाने मुकुंद काळेंना, बँकेतल्या त्या सभ्य माणसाला, केसांना धरून भिंतीवर आपटलं, दोनदा, तिसऱ्यांदा त्यांचा चष्मा त्यांच्या भुवईत शिरला. संकेत मध्ये पडला. त्याच्या उजव्या हातावर रॉड बसला आणि कोपराखाली हात नको तिथे वाकला. मी अवनीला दिवाणाखाली ढकललं आणि दिवाणासमोर आडवी पडले. माझ्या पाठीत दोन लाथा बसल्या. समोर फरशीवर बापूंचा गाल होता. तोंडातून रक्त आणि दोन दात बाहेर आलेले. डोळे मिटलेलेच. प्रार्थना अजून संपली नव्हती ना.

चार-पाच मिनिटांत ते निघून गेले. जिन्यात त्यांच्या चपलांचे आवाज ऐकू येत होते, आणि खाली टपरीवर मात्र कुणीतरी आरामात “दो कट चाय” म्हणत होतं.

*

दवाखान्याच्या व्हरांड्यात थानेदारसाहेबांनी जबाबाचे कागद मांडीवर घेतले.

“चेहरा किसने देखा?”

कुणीच नाही. प्रार्थना चालू होती, डोळे मिटलेले होते.

“ग्यारह जने थे,” ते म्हणाले, “और ग्यारहों की आँखें बंद?”

हवालदार हसला. “साहब, चोर आ जाए तो भी आमेन के बाद ही पकड़ेंगे ये.”

“आप?” थानेदारांनी माझ्याकडे पाहिलं.

अवनी माझ्या कडेवर झोपली होती. तिच्या शाळेच्या बुटांना भंवरने कालच नवीन लेस ओवून दिली होती. त्याला ती नीट बांधता येते, मला नाही.

“मेरी भी बंद थीं,” मी म्हणाले.

घरी आल्यावर संकेतने विचारलं, “मैत्रेयी, तू तर समोरच बसली होतीस. काहीच नाही दिसलं?”

“नाही रे.”

“मतलब, एकदम काहीच नाही?”

“नाही म्हटलं ना.”

‘मी येशूला ओळखत नाही’ म्हणत पेत्राने नाकारलं तेव्हा निदान कोंबडा आरवला. माझ्यासाठी सोमवारी पावणेआठला खाली हॉर्न वाजला. दोनदा.

मी गॅलरीतून पाहिलं. पांढरी व्हॅन, आत नेहमीची पोरं, आणि भंवर दाराला टेकून वर बघत होता. मी खाली गेले. न जाणं म्हणजे कबुली दिल्यासारखं झालं असतं.

“अवनी नहीं आएगी भैया. बुखार है.”

“अच्छा.” त्याने खिशातून एक संत्र्याची गोळी काढून माझ्या हातात दिली. “बिटिया को दे देना. और भाभीजी, आप भी आराम करो. बहुत कुछ देख लिया होगा कल. ऐसे में आदमी को वहम हो जाता है.”

“मैंने कुछ नहीं देखा.”

“वही तो,” तो म्हणाला. “बच्ची वाली माँ को क्या देखना.”

गोळी मी बेसिनमध्ये टाकली आणि नळ सोडून उभी राहिले. मंगळवारी पुन्हा हॉर्न. बुधवारी पुन्हा. तीन दिवस मी तापाचं कारण सांगितलं. शाळेत फोन करून व्हॅन बंद केल्याचं कळवावं, असं दहा वेळा मनात आलं. पण शाळा विचारणार, का? मग शाळा त्याला विचारणार. फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. गप्प राहिलं की पोर सुरक्षित, एवढंच गणित मी मांडलं होतं.

रोज झोपताना अवनी तिची नावं घ्यायची. आमच्याकडे पोरांची प्रार्थना अशीच असते. दिवसभरात जे भेटले त्यांची नावं घ्यायची आणि बरं कर म्हणायचं. तिच्या यादीत आई, बाबा, बापू, काकू, टपरीवरचं कुत्रं, शाळेतली मीनाक्षी मॅम आणि भंवर भैया. दोन वर्षं हाच क्रम. त्या आठवड्यात मी तिला म्हणाले, “भैयाचं नको घेऊस.”

“का?”

मी तिची चादर नीट केली. तिने घेतलं.

*

गुरुवारी बापूंच्या जबड्याचं ऑपरेशन होतं. संकेत हात गळ्यात बांधून दवाखान्यात थांबला होता, काकूंना धावपळ झेपत नव्हती. अवनीला घरी ठेवायला कुणी नव्हतं. हॉर्न वाजायच्या आधीच मी तिला स्कूटरवरून शाळेत सोडलं, साडेबाराला मीच न्यायला येईन म्हणाले, आणि दवाखान्यात गेले.

बापूंचा चेहरा सुजून दुप्पट झाला होता. बोलता येत नव्हतं. त्यांनी एक्स-रेच्या पाकिटावर डाव्या हाताने लिहिलं: नाव?

“कुणाचं नाव, बापू?”

त्यांनी बोट माझ्या डोळ्यांकडे केलं. मग लिहिलं: तू मिटत नाहीस. मला माहीत आहे.

त्यांनी खाली आणखी लिहिलं: मीही मधून एक उघडतो. कोण पेंगतंय बघायला.

मी हसले आणि हसताहसताच रडायला लागले. “बापू, पोलिसांना नाही सांगू शकत मी. अवनी आहे.”

त्यांनी मान हलवली. बॉलपेन नीट उमटत नव्हतं, म्हणून दाबून दाबून लिहिलं: पोलिसांसाठी नाही. प्रार्थनेसाठी. नावाशिवाय कशी करू?

मला राग आला, खरंच आला. दात पडलेत, कवटीला भेग आहे आणि या माणसाला त्याचं नाव रिपोर्टात घालायचंय. “सोडा ना बापू,” मी म्हणाले, “त्याला नका देऊ काही.” वॉर्डबॉय त्यांना स्ट्रेचरवर घ्यायला आला. घड्याळात बारा पंचवीस झाले होते.

शाळेच्या फाटकाशी पोचायला बारा पन्नास. पटांगण रिकामं. चौकीदार खुर्चीत बसून पोहे खात होता.

“अवनी? उसको तो वैन वाला ले गया, मैडम. भंवर भैया. लिस्ट में उसी का नाम है ना.”

लिस्टमध्ये त्याचंच नाव होतं. मी काढायला सांगितलंच नव्हतं.

भंवरने दुसऱ्या रिंगला फोन उचलला. “घबराइए मत भाभीजी. बिटिया टॉफी खा रही है. बाईपास पर जो बंद हॉस्टल है, उसके पीछे आ जाइए, जहाँ हम गाड़ियाँ लगाते हैं. अकेली आना.”

संकेतने फोन उचलला नाही. ऑपरेशन थिएटरबाहेर बंद करायला लावतात. मी त्याला आवाजी निरोप पाठवला: भंवर होता, अवनी त्याच्याकडे आहे, बंद हॉस्टेलच्या मागे, पोलीस घेऊन ये. चार दिवस घशात अडकलेलं नाव चार सेकंदांत बाहेर पडलं. त्या रस्त्यावर मी प्रार्थना करत गेले असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी देवाला शिव्या दिल्या. जालन्याच्या बाजारात ऐकलेल्या, आयुष्यात कधी तोंडातून न काढलेल्या.

*

हॉस्टेलच्या मागे तारेचं कुंपण, वाळूचा ढीग, फुटक्या पाण्याच्या टाक्या. व्हॅन एकच होती. बाकीची पोरं उतरवून झाली होती. अवनी पुढच्या सीटवर बसली होती, हनुवटीला नारिंगी रंग लागलेला. काच वर, दार बंद. भंवर बाहेर उभा होता. पाना त्याच्या हातात होता, टायर बदलतात तो.

“एक ही काम है,” तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, ते मला जास्त भीतीदायक वाटलं. “मोबाइल में बोल दो कि किसी का चेहरा नहीं देखा. बच्ची ले जाओ. मुझे भी दो बच्चियाँ हैं भाभीजी. उन लोगों ने कहा था सिर्फ दरवाज़ा दिखाना है.”

“पहला वार आपका था.”

बोलायला नको होतं. पण निघून गेलं. त्याने पाना घट्ट धरला.

“बोलो,” त्याने फोन माझ्यासमोर धरला.

मी बोलले. मला अभिमानाने सांगण्यासारखं काही नाही. मी कॅमेऱ्यात बघून म्हणाले, “मेरा नाम मैत्रेयी साळवे है. उस दिन मेरी आँखें बंद थीं. मैंने किसी को नहीं देखा.”

त्याने फोन खिशात टाकला आणि व्हॅनचं दार उघडलं. अवनी आतूनच म्हणाली, “भैया, मम्मी झूठ बोल रही है. मम्मी आँखें बंद करती ही नहीं. मैं रोज़ देखती हूँ.”

पाच वर्षांच्या पोरीला खोटं पकडल्याचा किती आनंद होतो. ती हसत होती.

भंवरने दार पुन्हा आपटून लावलं, वळला आणि मारलं. माझ्या डाव्या खांद्यावर, गळ्याजवळ. हाड मोडल्याचं मला कळलं. कॉलरबोन, डोक्यात कुठेतरी बायोलॉजीचा धडा बोलला. मी वाळूत पडले. अवनीचं हसू थांबलेलं काचेतून दिसलं. तिचं तोंड उघडलं. तो पुन्हा हात उचलत होता आणि मला एकच सुचलं.

“अवनी, डोळे मिट. डोळे मिट बाळा.”

तिने मिटले. घट्ट. आणि डोळे मिटल्यावर जे करायचं असतं तेच तिने केलं. हात जोडले आणि मोठमोठ्याने नावं घ्यायला लागली. काच बंद होती, पण ती किंचाळून घेत होती. “आईला बरं कर. बाबांना बरं कर. बापूंना बरं कर. काकूंना. कुत्र्याला. मीनाक्षी मॅमला. भंवर भैयाला बरं कर.”

तो थांबला.

हात वर, पाना वर, आणि मान व्हॅनकडे वळलेली. मराठी त्याला येत नाही, पण स्वतःचं नाव कुणालाही कळतं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. हात सावकाश खाली येऊ लागला. मारायला नाही, नुसता खाली. मी ते पाहिलं. माझे डोळे उघडे होते.

तो थांबला आणि मी थांबले नाही.

मी पडल्यापडल्या त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली, सगळा जीव एकवटून. तो कोसळला, पाना सुटला. मी उजव्या हाताने उचलला आणि त्याच गुडघ्यावर मारला. वाटी सरकलेली दिसली. मग मनगटावर. तो आडवा पडून दोन्ही हात डोक्यावर घेऊन म्हणाला, “बस भाभीजी. बस.” त्यानंतरही मी एकदा मारलं. बरगड्यांत. तो फटका मला रोज आठवतो. आधीचे नाही आठवत.

त्याचं कण्हणं आणि पलीकडे बायपासचे हॉर्न.

व्हॅनचं दार उघडलं तेव्हा अवनी तशीच बसलेली. डोळे मिटलेले, पापण्या थरथरताहेत, हात जोडलेले.

“बाळा, उघड डोळे.”

“आमेन नाही झालं,” ती म्हणाली. “आमेन म्हण ना आई.”

माझ्या हातात पाना होता. त्यावर त्याच्या पँटचा दोरा आणि रक्त. मी तो टाकीमागे फेकला. हात ओढणीला पुसला. खांद्यातून कळ डोळ्यांपर्यंत जात होती. म्हणायला एकच शब्द होता, आणि तो माझ्या तोंडाला शोभत नव्हता. चार दिवस खोटं बोललेलं तोंड, शिव्या दिलेलं तोंड. पण पोर डोळे मिटून थांबली होती.

“आमेन,” मी म्हणाले.

तिने डोळे उघडले आणि मला घट्ट धरलं, नेमकं मोडक्या हाडावर.

*

संकेत पोलिसांना घेऊन पोचला तेव्हा मी व्हॅनच्या सावलीत बसले होते. भंवरला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. संध्याकाळी पट्टा बांधलेल्या खांद्याने मी जबाब दिला. रविवारचं सगळं सांगितलं: गमछा, चेहरा, पहिला फटका, आणि रविवारी मी त्यांच्याशी खोटं बोलले हेही. हवालदार आता हसत नव्हता. गुरुवारचं सांगताना मी म्हणाले, “लिखिए, कि वो रुक गया था. मैंने उसके बाद मारा.”

त्यांनी पेन टेकवलं नाही. “मैडम, क्यों अपने पैर पर कुल्हाड़ी मार रही हो? उसका वकील इसी को पकड़ेगा. रुक गया था, यह किसने देखा?”

“मैंने देखा. मेरी आँखें खुली थीं.”

संकेत शेजारी बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग थानेदारांकडे. “लिखिए साहब,” तो म्हणाला. “पिछली बार इन्होंने बंद बताई थीं. इस बार सही लिखिए.”

लिहिलं गेलं. त्याचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. माझ्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो, वकील म्हणतात. बाकीचे तिघे अजून सापडलेले नाहीत. भंवरने दोघांची नावं दिली आहेत, असं ऐकलं. त्याची बायको कोर्टात दिसली. दोन्ही मुली सोबत होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याच गुरुवारी रात्री मी बापूंच्या कानाशी वाकून त्यांना नाव सांगितलं. त्यांनी पाकीट मागितलं आणि लिहून घेतलं. प्रार्थनेच्या यादीत, गळक्या टाकीच्या वर.

मार्चच्या चौथ्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच हॉलमध्ये जमलो. टीव्हीची जागा रिकामी. पेटीचा एक सूर गेलेला. बापूंचा जबडा तारांनी बांधलेला, म्हणून त्यांनी यादी माझ्या हातात दिली आणि खुणेने म्हणाले, तू.

मी आधी दाराकडे गेले आणि कडी लावली. संकेतने मान हलवली, बरं केलंस अशी. मी उभी राहिले, दाराकडे तोंड करून. तेवढ्यात सुहासिनीकाकू उठल्या, पाय ओढत गेल्या आणि कडी काढली.

“काकू,” मी म्हणाले.

“मुकुंद यायचाय गं,” त्या म्हणाल्या. “टाके काढून येणार, उशीर होईल म्हणाला.” आणि पुन्हा आपल्या जागेवर, दाराजवळच, बसल्या.

सगळ्यांनी डोळे मिटले. अवनीने मिटले, मग एक उघडून माझे उघडेच आहेत ना ते पाहिलं, आणि समाधानाने पुन्हा मिटला. मी वाचायला लागले. देश. दवाखाना. परीक्षेची मुलं, बापू तिथेच तुटले होते, म्हणून ‘या लेकरांना’च्या पुढे मी माझं काहीतरी जोडलं.

दार वाजलं. कुणीतरी बाहेरून हलकेच ढकलत होतं. फट रुंदावत गेली, आणि त्या फटीत अजून कोण आहे ते दिसायच्या आधी काकू डोळे न उघडता थोड्या सरकल्या.

यादीत पुढचं नाव भंवरचं होतं. मी दाराकडे बघत ते वाचलं.